सुंठेच्या खणातलं जेवण

लाखनीच्या बाजार चौकातल्या आपल्या छापखान्यात पुंडलिकराव एका सकाळी आले, ते बैलगाडीत औषधांचं कपाट घालूनच. कपाट एका वारलेल्या वैद्याचं. त्याला चोवीस खण, प्रत्येक खणावर पितळेची पट्टी आणि पट्टीवर कोरलेली नावं: हिरडा, ओवा, सुंठ, वेखंड, जायफळ, कडूचिरायता आणि अशीच बाकीची. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम बावीस वर्षं केवळराम करत होता. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग मालकांकडे पाहिलं आणि मालकांची तब्येत विचारली.

"तब्येत ठीक आहे गा," पुंडलिकराव म्हणाले. "डोकं चालून राहिलं माझं. हात लाव, उतरव."

डोकं खरंच चाललं होतं. लग्नसराईत छापखान्याचं काम म्हणजे शिशाची अक्षरं एकेक वेचून पत्रिका जुळवायची, छापायची, मग ती सगळी अक्षरं सोडून ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तेच 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पुन्हा पहिल्यापासून वेचायचं. केवळरामने 'श्री गजानन प्रसन्न' इतक्या वेळा जुळवलं होतं, की इतक्यांदा प्रसन्न व्हायला खुद्द गजाननालाही सवड मिळाली नसती. पुंडलिकरावांच्या लक्षात आलं, की नवरा-नवरीची नावं सोडली तर पत्रिका सगळ्या सारख्याच. मग दरवेळी मोडायचं कशाला? एकदा जुळवलेला मजकूर सुतळीने घट्ट बांधून खणात ठेवून द्यावा. पत्रिका आली की हवे ते तुकडे काढावे, एकाखाली एक लावावे, छापावं आणि तुकडे परत खणात.

पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असल्याने निघेनात, म्हणून नावं तीच राहिली. हिरड्यात गणपती बसला. ओव्यात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' गेलं. जायफळात साकोलीच्या एका छापखान्यातून मागून आणलेली मोरांची चौकट. वेखंडात 'आपले विनीत'. कडूचिरायत्यात तेरवीचा मजकूर, तो कोणी न सांगताच तिथे गेला. आणि सुंठेच्या खणात विवाहस्थळ व भोजन. त्या तुकड्यात 'आमचे राहते घरी, मुक्काम' एवढं जुळवून पुढे गावाच्या नावापुरती जागा मोकळी सोडलेली.

केवळरामला दोन नियम घालून दिले. पहिला, बांधलेला मजकूर सोडायचा नाही. दुसरा, मजकूर वाचायचा नाही. दुसऱ्या नियमाला कारण होतं. मागच्या साली एका नवरदेवाच्या बापासमोर केवळराम पत्रिका वाचत म्हणाला होता, "ह्या पोराचं लगन त आपन गेल्या वैशाखातही छापलं होतं ना जी?" ते गिऱ्हाईक गेलं, ते लग्नही गेलं. तेव्हापासून पुंडलिकराव उठताबसता बजावत, "तुले वाचाले नाही ठेवलं, जुळवाले ठेवलं."

कपाटाने कमाल केली. दिवसाला एक पत्रिका निघायची तिथे चार निघू लागल्या. गिऱ्हाइकंही शिकली. हिरडा, ओवा, वेखंड लावा पण जायफळ नको, आम्ही साधी माणसं, असं सांगू लागली. पितळी पट्ट्या बघून सालेभाट्याचा एक म्हातारा खोकल्यावर काही मागायला आत शिरला आणि बाहेर पडला तो पन्नास पत्रिका घेऊन. त्याचा खोकला तसाच राहिला, पण नातीचं लग्न उरकलं.

त्याच साली पुंडलिकरावांची एकुलती एक मुलगी चंद्रकला हिचं लग्न ठरलं. नवरदेव नाकाडोंगरीचा आणि त्याचे वडील भय्याजी म्हणजे धानाचे मोठे व्यापारी. माणूस सज्जन, हुंड्याचं नाव काढलं नाही, पण त्यांचा मानपान सगळा पोटातून जायचा. साखरपुड्याच्या पेढ्याचा तुकडा तोंडात घोळवत त्यांनी स्वतःच सांगितलं, की थोरल्या मुलाच्या वेळी शेवटच्या पंगतीला कढी पोचली नाही, म्हणून त्यांनी लागलेल्या बाशिंगासकट वरात परत आणली होती.

"राग नाही जी माझा," भय्याजी म्हणाले. "रिवाज आहे. आमच्याकडचा एक मानूस उपाशी उठला, का वरात वापस."

चंद्रकलेने दारामागून हे ऐकलं. मुलगा तिला आवडला होता. त्या दिवसापासून तिने आईच्या, म्हणजे गोदावरीबाईंच्या मागे एकच धोशा लावला, कढी जास्त करा.

पुंडलिकरावांनी मुलीच्या पत्रिकेला केवळरामला हात लावू दिला नाही. स्वतः चष्मा लावून बसले. सुंठेच्या खणातला तुकडा काढला, तो सोडला आणि मोठ्या टपोऱ्या अक्षरांत नवा जुळवला: 'विवाहस्थळ व भोजन पुंडलिकराव यांचे घरासमोरील मांडवात, बाजार चौक, लाखनी. भोजन सकाळी अकरापासून. सर्वांनी अगत्य येऊन पोटभर जेवावे, उपाशी जाऊ नये.' शेवटची ओळ खास भय्याजींसाठी. छपाई झाली. पुंडलिकरावांनी तुकडा डोळे भरून पाहिला, सुतळीने पक्का बांधला आणि सवयीने परत सुंठेच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते लग्नाच्या धावपळीला लागले आणि छापखाना केवळरामवर आला. मुहूर्त होता अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी लग्न करायचं तर पंचांगही बघावं लागत नाही, त्यामुळे मुरमाडीचे ताराचंद, सालेभाट्याचे सुखराम आणि पोहऱ्याचे सेवकराम अशा तिघांच्या मुलींची लग्नंही त्याच दिवशी. तिघांच्या पत्रिका याच छापखान्यात आल्या. केवळरामने हिरडा काढला, ओवा काढला, वेखंड काढलं, सुंठ काढली. सुंठेत गावाचं नाव बसवायला गेला तर जागाच नव्हती. तुकडा काठोकाठ भरलेला आणि सुतळी पक्की. बांधलेला मजकूर सोडायचा नाही. केवळरामने सोडला नाही.

तुम्ही म्हणाल, यजमानांनी छापण्याआधी पत्रिका तपासली नसेल का? तपासली. ताराचंद आपल्या साळ्याला घेऊन आले आणि दोघांनी खालची विनीतांची यादी अकरा वेळा वाचली. मामाचं नाव काकाच्या वर गेलं का, आत्याचा नवरा सुटला का, वारलेल्या आजोबांच्या नावामागे 'कैलासवासी' लागलं का. सुखराम आणि सेवकराम यांनीही तेच केलं. जेवण कुठे हे यजमान कशाला वाचेल? ते त्याला पाठच असतं. पाहुण्याचं मात्र नेमकं उलटं. तो पत्रिकेत दोनच गोष्टी बघतो, पाकिटावर आपलं नाव नीट आहे का आणि जेवण कुठे आहे.

मुरमाडीत तर शेजारच्या घरांतही कुजबुज झाली, की ताराचंद मोठा माणूस झाला, लग्न लाखनीला ठेवलं, आपल्याला तोंडाने सांगितलंसुद्धा नाही. शेजारी रुसले. रुसले, पण जेवायला जायचं रद्द केलं नाही.

अक्षय्य तृतीयेला सकाळी दहालाच लाखनीच्या बाजार चौकात बैलगाड्या येऊ लागल्या. पुंडलिकरावांनी साडेचारशे माणसांचा स्वयंपाक केला होता. चंद्रकलेचं लग्न दुपारचं आणि वरात बाराला यायची होती. अकराच्या आत तीनशे माणसं मांडवात बसली, तेव्हा पुंडलिकरावांना वाटलं, ही गोदावरीबाईंच्या माहेरची असणार. गोदावरीबाईंना वाटलं, छापखान्याची गिऱ्हाइकं असणार. दोघांनीही एकमेकांचा मान राखण्यासाठी विचारलं नाही. उलट पुंडलिकराव पंगतीतून फिरत आग्रह करत होते आणि पाहुणेही त्यांना सांगत होते, की पत्रिकेतच एवढं लिहिलंय तर पोटभर जेवल्याशिवाय कसे जाऊ.

साडेअकराला हजार माणसं झाली. गाड्यांची रांग हमरस्त्यावर गेली आणि रायपूरकडे निघालेले ट्रक अडकले. ट्रकवाल्यांनी थोडा वेळ भोंगे वाजवले. मग मांडवातून बुंदीचा वास आला तसे तेही खाली उतरून हातपाय धुऊन बसले. तिसऱ्या पंगतीला बुंदीची परात खरवडल्याचा आवाज आला. चौथीला कढी संपली.

आतल्या खोलीत चंद्रकला बाशिंग बांधून बसली होती. तिथे पोहऱ्याकडची धुरपताबाई नावाची म्हातारी, पदराखाली साडी-चोळी घेऊन शिरली. तिने नवरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"लहानपनी त तू सावळी होती वो. सेवकरामची पोरगीच ना तू?"

"नाही जी. मी चंद्रकला. पुंडलिकरावांची."

"मंग सेवकरामची कोठं बसली?"

चंद्रकला हुशार मुलगी. तिने म्हातारीच्या हातातली पत्रिका मागून घेतली, वाचली आणि बाशिंगासकट उठून मागच्या दाराने आईवडिलांना आत बोलावलं. पत्रिकेवर नवरी पोहऱ्याची, नवरा अड्याळचा, विनीत सेवकराम, आणि भोजन बाजार चौक, लाखनी. पुंडलिकरावांनी आपलीच टपोरी अक्षरं पाहिली आणि खाटेवर बसले. केवळरामला बोलावणं गेलं. तो ट्रकवाल्यांना भात वाढत होता, तसाच भाताचं पातेलं घेऊन आला.

"हे काय छापलं तू?"

"सुंठ," केवळराम म्हणाला.

"तीन लोकायच्या पत्रिकेत माह्या घरचं जेवन?"

"मले वाटलं, मालकानं मोठं मन करून सगळ्यायलेच मांडव देला."

"मंग इचाराचं नाही मले?"

"वाचलं असतं त इचारलं असतं ना जी. वाचाले तुमीच मना केलं."

तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. नाकाडोंगरीची वरात गावाच्या वेशीवर पोचली होती, एकशे ऐंशी माणसं, उन्हात तीन तास ट्रकमध्ये उभी राहून आलेली आणि पोटात सकाळचा चहा. चुलीवर आता फक्त पाणी उकळत होतं.

चंद्रकला म्हणाली, "बाबूजी, वरात वापस गेली त मी दुसरं लगन नाही करनार. सांगून ठेवते."

गोदावरीबाईंचं डोकं त्याच वेळी चाललं. त्या म्हणाल्या, या लोकांना त्यांचे यजमान सापडले नाहीत, तर तिकडे यजमानांना लोक सापडले नसतील. म्हणजे त्यांचं अन्न तसंच पडलं असेल. त्या तिघींची लग्नं गोरजावर होती, पण लांबून येणाऱ्या पाहुण्यांसाठी दुपारचं जेवण तिन्हीकडे शिजवून ठेवलेलं असणारच. त्यांच्या पाहुण्यांनी आपल्या वरातीचं खाल्लं, तर आपल्या वरातीने त्यांच्या पाहुण्यांचं खायला काय हरकत? केवळरामने अडकलेल्या रांगेतल्या शेवटच्या तीन रिकाम्या ट्रकांचे ड्रायव्हर पंगतीतून शोधले. तिघेही या घरचं मीठ खाऊन बसलेले, नाही म्हणायची सोय नव्हती. एक पोहऱ्याला गेला, एक सालेभाट्याला, आणि मुरमाडीला केवळराम स्वतः गेला.

आणि वरात? वरातीला जानोशावर, म्हणजे मुक्कामासाठी ठरलेल्या शाळेत, उतरवून गोदावरीबाईंनी पाय धुवायला काढले. नवरदेवाचे आणि त्याच्या बापाचे पाय धुण्याची रीत सगळीकडे आहे. गोदावरीबाईंनी सगळ्या वरातीचे धुतले. एकशे ऐंशी माणसं, तीनशे साठ पाय, दोन परातींमध्ये, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. वाजंत्रीवाल्यांचे धुतले. ज्यांचे धुऊन वाळले होते त्यांचे, मघाशी नीट निघाले नाहीत म्हणून, पुन्हा धुतले. भय्याजी आयुष्यात पन्नास लग्नं जेवले होते, पण असा मान त्यांनी पाहिला नव्हता. भूक लागली आहे हे सांगायला ते दोनदा उठले आणि दोन्ही वेळा ओल्या पायांनी परत बसले.

मुरमाडीला ताराचंद सजवलेल्या मांडवात एकटे बसले होते. समोर जिलबीचे सात टोपले आणि त्यांच्याकडे बघणारी दोन कुत्री. केवळरामने ट्रकमधून उतरून झालेला प्रकार सांगितला, तेव्हा ताराचंदांनी त्याला मारायला काठी शोधली. ती व्याह्यांना द्यायच्या आहेरात बांधलेली निघाली.

"माह्या पाहुन्यायले आत्ताच्या आत्ता उठव अन् इकडं आन."

"पंगतीत बसले हाये जी ते," केवळराम म्हणाला. "पंगतीतून मानूस उठवाचा म्हनता? तुमीच चला अन् उठवा."

भरल्या ताटावरून पाहुणा उठवला, तर त्याच्या सात पिढ्या ते विसरत नाहीत आणि विसरू देत नाहीत. जिलबीचे टोपले ट्रकमध्ये चढले, भाताच्या हंड्या चढल्या आणि वर ताराचंद चढले, ते पुंडलिकरावांना काय काय बोलायचं ते जुळवत.

एकाच्या सुमाराला तीन बाजूंनी तीन ट्रक मांडवामागे लागले. मुरमाडीची जिलबी, सालेभाट्याचे मोतीचूर लाडू, पोहऱ्याचा शिरा, आणि तिन्हीकडची मिळून कढी एवढी, की तिच्यात वरात पोहली असती. लग्न लागलं, अक्षता पडल्या. एवढ्या माणसांनी अक्षता टाकल्या, की भटजींना पुढचं मंगलाष्टक म्हणण्याआधी तोंडातले तांदूळ काढावे लागले. मग वरातीची पंगत बसली आणि भय्याजींसमोर मोठी पत्रावळ आली.

आता तिघे यजमान भांडायला आले होते, हे खरं. पण समोर हळदीची नवरी आणि जेवायला बसलेली वरात. झाडीपट्टीच्या या मुलखात कोणाच्याही लेकीच्या पंगतीत आवाज चढवत नाहीत. मग काय करणार? ताराचंदांनी जिलबीचं टोपलं उचललं, सुखरामांनी लाडवांचं, सेवकरामांनी शिऱ्याची बादली, आणि वाढता वाढता पुंडलिकरावांच्या कानाशी लागून, चेहरा हसरा ठेवून, दात आवळून जे बोलायचं ते बोलून घेतलं. पुंडलिकराव प्रत्येकाला हात जोडत होते आणि मान हलवत होते.

भय्याजींनी हे पाहिलं. बाहेर हमरस्त्यापर्यंत माणसं. अडलेले ट्रक. भरजरी फेटे बांधलेली तीन भारदस्त माणसं स्वतः वाढतायत आणि दर दोन पत्रावळींनंतर पुंडलिकरावांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारतायत.

"हे लोक कोन जी?" त्यांनी पुंडलिकरावांना विचारलं.

पुंडलिकराव खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गोदावरीबाईंनी मागून भय्याजींच्या पत्रावळीत लाडू टाकला आणि कोपराने नवऱ्याची बरगडी दाबली.

"जवळचेच आहेत," पुंडलिकराव म्हणाले. "मुरमाडी, सालेभाटा, पोहरा." हे अगदी खरं होतं. सगळ्यात लांबचं गावही फार लांब नव्हतं.

एका पंगतीत तीन गोडं आणि तिन्हींचा आग्रह. ताराचंदांचा राग इतका होता, की ते पत्रावळीवर जिलब्या आपटत होते आणि भय्याजींना तो प्रेमाचा जोर वाटत होता. एकही माणूस उपाशी उठला नाही. काही माणसं उठूच शकली नाहीत, त्यांना दोघा-तिघांनी धरून उठवलं.

चार वाजता तिघांनी आपापले पाहुणे परत मागितले. ट्रक तयार होतेच. मुरमाडीवाले इकडं, पोहऱ्यावाले तिकडं, असा ताराचंदांनी बराच पुकारा केला, पण जेवलेला माणूस नाव ऐकून चढत नाही, सावली बघून चढतो. धुरपताबाई सालेभाट्याच्या ट्रकमध्ये बसली आणि जी नवरी पुढे आली तिच्या ओटीत साडी-चोळी घालून मोकळी झाली. कोणत्याही मुलीला गोरजावर अक्षता कमी पडल्या नाहीत. कोणाच्या कोणावर पडल्या, ते विचारू नये.

निरोपाची वेळ झाली. चंद्रकला डोळे पुसत ट्रकमध्ये पुढे बसली, पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं. पुंडलिकराव कोपऱ्यात उभे राहून देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात व्याही भय्याजींनी त्यांचा हात धरला आणि त्यांना ट्रकच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी नेलं. पुंडलिकरावांनी मनात पंगती मोजल्या. कढी पोचली नाही की काय कोणाला?

"इवाई," भय्याजी खाली बघत म्हणाले, "एक इनंती होती."

"बोला ना जी."

"आठ दिवसानं मांडवपरतनीच्या जेवनाले तुमी नाकाडोंगरीले यान. रिवाजच आहे." भय्याजींनी धोतराने कपाळ टिपलं. "तुमचा गोतावळा मी पाह्यला. माहं आंगन लहान आहे जी. तीन गोडं त माह्यानं होनार नाही. मले काही समजून घ्याल का?"

"म्हनजे?"

"पंधरा मानसं आना. वीस झाले तरी चालन. पन त्याच्यावर आनसान, त माही अब्रू जाईन."

परतणीला नेण्याजोगी पुंडलिकरावांची सख्खी, चुलत, मावस अशी सगळी माणसं, लंगड्या मामासकट, अकरा भरत होती. पुंडलिकरावांनी हमरस्त्याकडे पाहत बोटांवर बरंच मोजलं.

"वीसच नेले, त भाऊबंद नाराज होतीन जी," ते म्हणाले. "पाहतो मी. समजावून पाहतो लोकायले. पन शब्द देत नाही."

भय्याजींनी दोन्ही हात जोडले. वरात रात्री नाकाडोंगरीला पोचली, तेव्हा सून दाराशी माप ओलांडायची वाट बघत उभी राहिली आणि सासरे आधी आचाऱ्याच्या घरी गेले.